लेथची व्हीएफडी ड्राइव्ह बंद पडली तर

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या वर्कशॉपांत एक एचपीच्या लेथवर सिंगल फेज व्हीएफडी ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारा डबा, सर्रास असते. ती गेली की लोक आधी नवीन आणायला धावतात. थांबा, आधी मल्टीमीटर काढा.

मेन स्विच बंद करून दहा मिनिटं जाऊ द्या. आतला डीसी सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास असतो आणि डिस्प्ले विझला तरी कपॅसिटरमध्ये राहतो. पी (डीसी प्लस) आणि एन (डीसी मायनस, न्यूट्रल नव्हे) टर्मिनलवर ३० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात घालू नका.

इनपुट आणि मोटरच्या वायरी सोडवा. मीटर डायोड रेंजवर ठेवा. लाल प्रोब एनला, काळा यू, व्ही, डब्ल्यू या मोटरच्या टर्मिनलांना आळीपाळीने. मग काळा पीला, लाल त्या तिघांना. प्रत्येक वेळी ०.३ ते ०.५ यायला हवं, तिन्हींचं जवळपास सारखं. एखाद्यावर शून्य आलं तर आउटपुटचा आयजीबीटी (मोटरला वीज देणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट. इनपुटचा ब्रिजही (एसीचं डीसी करणारे डायोड) असाच तपासा.

पण मोटर न बघता नवीन ड्राइव्ह जोडू नका, तीही उडेल. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) फक्त मोटरला लावा, ड्राइव्हला कधीच नाही. एक मेगाओमच्या खाली म्हणजे वाइंडिंगचं काम निघालं.

सगळं ठीक असूनही ट्रिप होते? बिडाची धूळ बघा. ती वीज वाहते, बोर्डावर साचली की फॉल्ट येतो. कोरड्या ब्रशने काढा, पंखा फिरतो का पाहा. चक थांबवतानाच ओव्हरव्होल्टेज येत असेल तर डिसेलरेशन (थांबायला दिलेला वेळ) दोनवरून आठ सेकंद करा.