एफटीपीचा अंदाज फुगतो कुठे, घटतो कुठे: फाइलींतून थ्रेशोल्ड काढताना या चुका टाळा

सायकल चालवताना थ्रेशोल्डच्या खाली पेडल मारत असताना श्वास, रक्तातलं लॅक्टेट (जोराच्या श्रमात स्नायूंतून रक्तात येणारा पदार्थ) आणि ऑक्सिजनचा वापर एका पातळीवर स्थिरावतात. त्याच्या १५-२० वॅट वर गेलात की हे तिन्ही चढत राहतात आणि काही मिनिटांतच वेग सोडावा लागतो. ही सीमा म्हणजे थ्रेशोल्ड पॉवर. व्यायामशास्त्रज्ञ अँड्र्यू कॉगन यांनी एफटीपीची (फंक्शनल थ्रेशोल्ड पॉवर) व्याख्या साधारण तासभर टिकवता येणाऱ्या पॉवरवर बेतली. प्रत्यक्षात त्या पॉवरवर कोणी ३५ मिनिटं टिकतो, तर कोणी ७० मिनिटांच्या आसपास जातो. म्हणून तासाभराची सरासरी काढली की एफटीपी हाती आली, असं होत नाही.

सायकलवरच्या पॉवर मीटरने (पायांची पॉवर वॅटमध्ये मोजणारं उपकरण) नोंदवलेल्या शर्यतीच्या आणि सरावाच्या फाइलींतून एफटीपी काढायचे चार-पाच चांगले मार्ग आहेत. अडचण एवढीच, की प्रत्येक मार्गातली चूक आकड्याला ठरावीक दिशेला ओढते. कोणती चूक आकडा फुगवते आणि कोणती खाली आणते हे माहीत असेल, तर सदोष फाइलीतूनही उपयोगाचं काही निघतं. माहीत नसेल, तर एफटीपी १५ वॅटने जास्त धरली जाते, थ्रेशोल्डचे इंटरव्हल नकळत सीमेच्या वर होतात, दुसऱ्या सेटला पाय संपतात आणि दोष मात्र तंदुरुस्तीवर जातो.

९५ टक्के, पण कोणत्या २० मिनिटांचे?

२० मिनिटांच्या पूर्ण जोराच्या प्रयत्नाची सरासरी पॉवर घ्यायची आणि तिचे ९५ टक्के म्हणजे एफटीपी धरायची, असा प्रचलित नियम आहे. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मूळ चाचणीत २० मिनिटांच्या आधी ५ मिनिटांचा पूर्ण जोराचा प्रयत्न असतो, मग सुमारे १० मिनिटं हलकं पेडलिंग आणि त्यानंतर खरी २० मिनिटं. तो ५ मिनिटांचा प्रयत्न वॉर्म-अपचा भाग समजून अनेक जण गाळतात. त्याचं काम वेगळं आहे: थ्रेशोल्डच्या वरची जी राखीव ऊर्जा प्रत्येकाजवळ असते, तिचा बराचसा भाग तो खर्चून टाकतो. ताज्या पायांनी थेट २० मिनिटं केली तर ही ऊर्जा सरासरीत मिसळते आणि ९५ टक्के घेऊनही आकडा वर राहू शकतो.

किती वर, हे त्या राखीव ऊर्जेवर ठरतं. ती साधारण १० ते २५ किलोज्यूल असते. समजा दोन सायकलपटूंचा खरा थ्रेशोल्ड २७० वॅटच आहे. एकाकडे १० किलोज्यूल आहेत, दुसऱ्याकडे २४. ताज्या पायांनी २० मिनिटांत, म्हणजे १,२०० सेकंदांत, पहिला सुमारे २७८ वॅट काढेल आणि दुसरा २९०. ९५ टक्क्यांनी पहिल्याची एफटीपी २६४ ठरते, दुसऱ्याची २७६. थ्रेशोल्ड एक आणि आकड्यांत १२ वॅटचा फरक. स्प्रिंट चांगला असलेल्यांनी ताज्या २० मिनिटांना ९० ते ९३ टक्क्यांनीच गुणावं.

रॅम्प टेस्टमध्ये (पॉवर पायरीपायरीने वाढवत पाय थांबेपर्यंत नेणारी चाचणी) हाच दोष आणखी ठळक होतो. तिथे शेवटच्या सर्वोत्तम एका मिनिटाचे ७५ टक्के घेतात. स्प्रिंटर शेवटच्या पायऱ्या राखीव ऊर्जेवर ओढतो आणि त्याचा आकडा फुगतो. लांब पल्ल्याचा संथ, चिवट सायकलपटू लवकर थांबतो आणि त्याचा आकडा कमी येतो.

दुसरी बाजूही लक्षात घ्या. शर्यतीच्या फाइलीतली सर्वोत्तम २० मिनिटं पूर्ण जोराची होती का? गटाच्या मागे बसून चढ पार केला असेल, तर तो आकडा फक्त ‘किमान एवढी तरी आहे’ असं सांगतो. चढावर गट सुटला, शेवटच्या मिनिटांत पॉवर घसरत गेली आणि हृदयगती कमाल मर्यादेजवळ होती, तर ती फाइल सोन्याची. हरलेल्या चढाची फाइल जिंकलेल्या स्प्रिंटच्या फाइलीपेक्षा थ्रेशोल्डबद्दल अधिक खरं बोलते.

दोन प्रयत्नांतून क्रिटिकल पॉवर

क्रिटिकल पॉवर म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या प्रयत्नांवरून हिशेबाने काढलेली थ्रेशोल्डची सीमा. ही पद्धत आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते. एक अट आहे: दोन्ही प्रयत्न प्रामाणिक हवेत. एक ३ मिनिटांचा, एक १२ मिनिटांचा. शक्यतो वेगवेगळ्या दिवशी, ताज्या पायांनी, एकाच पॉवर मीटरवर.

समजा ३ मिनिटं ३५० वॅट आणि १२ मिनिटं २९० वॅट आले. पॉवरला सेकंदांनी गुणा: ३५० × १८० = ६३,००० ज्यूल; २९० × ७२० = २,०८,८०० ज्यूल. फरक १,४५,८०० ज्यूल. त्याला सेकंदांच्या फरकाने, म्हणजे ५४० ने भागा: क्रिटिकल पॉवर २७० वॅट. राखीव ऊर्जा ६३,००० − (२७० × १८०) = १४,४०० ज्यूल.

आता चूक बघा. ३ मिनिटांचा प्रयत्न जरा सैल झाला आणि ३५० ऐवजी ३३० वॅटच आले, तर हिशेब सांगतो क्रिटिकल पॉवर २७७ वॅट आणि राखीव ऊर्जा जेमतेम ९,६०० ज्यूल. म्हणजे छोटा प्रयत्न कमी पडला की थ्रेशोल्ड वाढल्यासारखा दिसतो! उलट १२ मिनिटांना २९० ऐवजी २८० आले, तर क्रिटिकल पॉवर २५७ वर येते. म्हणून फक्त वॅट पाहू नका, राखीव ऊर्जाही पाहा. ती मागच्या वेळेपेक्षा एकदम घटली किंवा वाढली असेल, तर तंदुरुस्ती बदलली असं मानण्याआधी त्या दोन प्रयत्नांवर संशय घ्या.

प्रयत्न २ ते २० मिनिटांच्या आतले असावेत. ३० सेकंदांचा स्प्रिंट या सूत्रात घातला की सगळंच बिघडतं. आणि सूत्राने तासाभराचा आकडा काढू नका. वरच्या उदाहरणात तो २७४ येतो, पण सूत्रात थकव्याला जागाच नाही. क्रिटिकल पॉवर एफटीपीपेक्षा सहसा काही वॅट वर असते, हेही धरून चाला.

शर्यतीतली नॉर्मलाइज्ड पॉवर

गटाने धावणाऱ्या शर्यतीची साधी सरासरी थ्रेशोल्ड काढायला निरुपयोगी, कारण त्यात पेडल थांबवलेले सगळे शून्य मोजले जातात. नॉर्मलाइज्ड पॉवर ३० सेकंदांची धावती सरासरी घेते, प्रत्येक किमतीचा चौथा घात करते, त्यांची सरासरी काढते आणि शेवटी चौथं मूळ घेते. जोरदार हल्ल्यांना त्यामुळे जास्त वजन मिळतं. साधारण तासाभराच्या, शेवटपर्यंत पिळून काढणाऱ्या शर्यतीत हा आकडा एफटीपीच्या जवळ येतो.

मात्र अनेक जण २० मिनिटांच्या नॉर्मलाइज्ड पॉवरला ९५ टक्क्यांनी गुणतात. ९५ टक्क्यांचा नियम स्थिर प्रयत्नाच्या साध्या सरासरीसाठी आहे. छोट्या तुकड्यावर नॉर्मलाइज्ड पॉवर वापरली की आकडा हमखास फुगतो. वळणावळणाच्या क्रिटेरियमचंही (छोट्या मार्गावर फेऱ्या मारायची शर्यत) तसंच: राखीव ऊर्जा भरपूर असलेला सायकलपटू प्रत्येक वळणानंतर स्प्रिंट मारून आणि मध्ये सावरून तासाभरात एफटीपीच्या वर जाऊ शकतो. चार तासांच्या शर्यतीचा आकडा याच्या उलट, खूपच खाली.

एक तपासणी मात्र उत्तम चालते. तासभर बरोबर एफटीपीवर चालवलं तर टीएसएस (ट्रेनिंग स्ट्रेस स्कोअर, म्हणजे राइडच्या ताणाचा आकडा) १०० येतो. नॉर्मलाइज्ड पॉवर एफटीपीच्या १.०५ पट झाली तर तो ११०. एका तासाच्या शर्यतीत पुन्हापुन्हा ११० च्या आसपास किंवा वर जात असाल, तर नोंदवलेली एफटीपी बहुधा कमी आहे.

४० किलोमीटरची टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) ही सर्वांत स्वच्छ फाइल, कारण तिथे साधी सरासरी आणि नॉर्मलाइज्ड पॉवर जवळजवळ सारखी येते. फक्त ती पॉवर वाकलेल्या स्थितीतली असते. साध्या सायकलवर बरेच जण जास्त वॅट काढतात, त्यामुळे दोन सायकलींसाठी दोन आकडे ठेवा. १,५०० मीटरपेक्षा उंचावरच्या चढाचा आकडा काही टक्के कमी असतो, तो तसाच सखल भागातल्या सरावाला लावू नका.

मीटरच चुकत असेल तर

प्रत्येक राइडच्या आधी, सायकल बाहेरच्या तापमानाला आल्यावर, झिरो ऑफसेट करा, म्हणजे पेडलवर जोर नसताना मीटरचं शून्य जुळवा. घरातून थंडीत बाहेर पडताच केलेला ऑफसेट पुढच्या २० मिनिटांत सरकतो.

एकाच बाजूचा मीटर डाव्या पायाची पॉवर दुप्पट करून दाखवतो. डावा पाय ५२ टक्के काम करत असेल, तर खरे २५० वॅट २६० दिसतात. ४८ टक्के असेल तर २४०. थकल्यावर हे प्रमाण बदलतं, म्हणून एकदा मोजून कायमचा गुणक लावणंही धोक्याचं. क्रँकची (पेडल जोडलेला दांडा) लांबी चुकीची भरली, म्हणजे १७२.५ मिलिमीटरच्या जागी १७५, की आकडा १.४ टक्क्याने वाढतो.

ट्रेनर (सायकल घरात जागेवर चालवायचं यंत्र) आणि क्रँकचा मीटर यांचे आकडे एकत्र करू नका. ट्रेनर साखळीनंतर मोजतो, म्हणून सहसा काही वॅट कमी दाखवतो. ३ मिनिटं क्रँकवर आणि १२ मिनिटं ट्रेनरवर, असा क्रिटिकल पॉवरचा हिशेब तर मुळातच बाद. पंख्याशिवाय घरात केलेली चाचणी उष्णतेमुळे खाली येते, हे वेगळंच.

फाइल उघडल्यावर आलेखातले १,५०० वॅटचे एकाकी खांब (मीटरने चुकून नोंदवलेली क्षणिक उसळी) शोधा आणि काढून टाका. नोंद दर सेकंदाला ठेवा, ऑटो-पॉज बंद करा, सरासरीत शून्य धरा. वेग आणि चढावरून अंदाजलेली पॉवर वाऱ्याने पार बिघडते; ती थ्रेशोल्डसाठी वापरूच नका.

सॉफ्टवेअरचा आपोआप आलेला आकडा

ॲप बहुधा गेल्या काही आठवड्यांतला एखादा चांगला प्रयत्न घेऊन एफटीपी सुचवतं. त्या काळात तुम्ही पूर्ण जोर लावलाच नसेल तर आकडा घसरतो, आणि एकच खोटा खांब राहून गेला तर उडी मारतो. कोणत्या तारखेच्या कोणत्या प्रयत्नावरून तो आला, हे उघडून पाहा. आलेखात मागच्या हंगामातले विक्रम मिसळू नका. ६ ते १२ आठवड्यांची खिडकी पुरेशी.

पॉवरच्या वितरणाचा आलेख पाहून थ्रेशोल्ड ओळखता येतो, कारण त्याच्या वर घालवलेला वेळ झपाट्याने कमी होतो. पण सराव एर्ग मोडवर (ट्रेनर ठरवलेली पॉवर स्वतःच राखतो) होत असेल तर हा आलेख तुमचा थ्रेशोल्ड दाखवत नाही. तो तुम्ही आधी भरलेली एफटीपीच परत दाखवतो.

पडताळणी

अंदाज २६८ निघाला, तर विश्रांतीच्या दिवसानंतर २० मिनिटांच्या वॉर्म-अपने सुरुवात करून ३५ ते ४० मिनिटं सलग २६८ वर चालवा. पहिली १० मिनिटं आटोक्यात वाटली पाहिजेत: श्वास खोल, पण लयीत. ८ ते १२ मिनिटांत श्वासाची लय तुटली आणि २० च्या आत पाय हरले, तर ३ ते ४ टक्क्यांनी खाली या, म्हणजे साधारण २५८-२६०. हृदयगती शेवटी काही ठोक्यांनी चढणं साहजिक आहे; त्यावरून आकडा बदलू नका. शेवटची ५ मिनिटं १५ वॅट वाढवून सहज निघाली, तर अंदाज कमी होता.

बहुतेक चांगल्या मीटरची अचूकता १ ते २ टक्के असते, म्हणजे २६८ वर सुमारे ३ ते ५ वॅट. त्यामुळे २६८ आणि २७१ मध्ये फरक शोधू नका. निदान दोन वेगळे मार्ग एकाच दिशेला ५ वॅटपेक्षा जास्त सरकले, तरच नोंद बदला आणि तिच्याशेजारी तारीख, मीटर आणि पद्धत लिहून ठेवा.