शेजारी टॉवर येतोय? पाइलिंगच्या आधी हे उरकून घ्या

लालबाग-परळला गिरण्यांच्या जागी टॉवर पाहण्याची सवय झाली आहे. तरी शेजारच्या प्लॉटला पत्रे लागले की आमच्या चाळीत सभा भरतेच. कुणाला खोलीचा भाव वाढणार म्हणून उकळ्या फुटतात, कुणाचा गच्चीवरच्या पापडांचं ऊन जाणार म्हणून संताप. सेक्रेटरी या नात्याने मी सगळ्यांना बोलू देते. फक्त ‘टॉवर नको’ असा ठराव करू देत नाही. परवानग्या झालेल्या असतील तर तो कागद फाइलीतच राहतो. भेगा, धूळ, रात्रीचा आवाज यांवर मात्र भांडता येतं.

आधी भेगा. प्रत्येक खोली, जिना, गच्ची, पाण्याची टाकी यांचे तारखेसह फोटो काढा. जुनी भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख घाला. मोठ्या भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने आडवी चिकटवा. भेग सरकली की काच तडकते. जुन्या भेगा लपवू नका, नाहीतर नव्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. (आमच्या तळमजल्यावरच्या आजींनी कॅलेंडर टांगून एक झाकली होती, ते आधी उतरवलं.) मग बिल्डरला पत्र द्या: दोन्ही बाजूंच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी पाइलिंगआधी, म्हणजे पायाचे खांब जमिनीत खोलवर घालायच्या आधी, मिळून पाहणी करावी. पोच घेतल्याशिवाय परतू नका.

किती मजले, यावर नाक्यावर पैजा लावण्यापेक्षा जाहिरातीवरचा महारेराचा (बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) क्यूआर कोड स्कॅन करा. मंजूर नकाशे आणि पूर्णत्वाची तारीख तिथे सापडते.

धुळीसाठी मुंबई महापालिकेचे 2023 चे नियम आहेत: प्लॉट एक एकराहून मोठा असेल तर पत्र्यांचं कुंपण 35 फूट, लहान असेल तर 25 फूट, शिवाय पाण्याची फवारणी आणि बांधकामाभोवती हिरवं कापड. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबल. धुळीसाठी महापालिकेचा 1916, रात्रीच्या खडखडाटासाठी पोलिसांचा 112 लावा आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहा. झाडं तोडायची असतील तर खोडावर चिकटवलेली नोटीस रोज जाता-येता वाचा. हरकतीची मुदत फार थोडी असते.

बिल्डरला भेटायला एकट्याने कधीच जाऊ नका. आणि गणपतीची घसघशीत वर्गणी येईलच. घ्यायची की नाही ते मंडळाने ठरवावं. घेतली तर पावती फाडा, पण भेगांचं पत्र त्याआधी पोचलेलं हवं.