जॉगिंग ट्रॅकच्या देखभालीवरून पालिका कर्मचाऱ्यांशी मतभेद झाल्यास काय करावे

जॉगिंग ट्रॅकवरून होणारे बहुतेक वाद एकाच जागी अडकतात. ट्रॅक खराब झाला आहे असे नागरिक म्हणतो, काम झाले आहे असे कर्मचारी म्हणतात, आणि दोघेही खरे बोलत असतात. खड्ड्यात मुरूम टाकलेला असतो, नोंदवहीत तशी नोंदही असते, तरी पुढच्या पावसात तोच खड्डा पुन्हा उघडा पडतो, कारण तेथे पाणी का साचते याचा शोध कोणी घेतलेला नसतो. म्हणून तक्रार लिहिण्यापूर्वी पाऊस थांबल्यावर ट्रॅकवर एक फेरी मारावी आणि पाणी कोठून येते, कोठे अडते आणि किती वेळ राहते हे स्वतः पाहून लिहून ठेवावे.

पाणी साचण्याची कारणे थोडी आणि ओळखीची असतात. ट्रॅकच्या कडेला गवत आणि वाहून आलेली माती साठत जाऊन तिचा लहानसा बांध होतो व पाणी बाहेर जाऊ शकत नाही. सतत पाय पडणारा मधला पट्टा झिजून खोलगट होतो. भर घालताना ती ओलसर करून दाबली नसेल, तर मोकळी माती पहिल्याच सरीत वाहून जाते. खोल खड्ड्यात एकदम सगळी भर ओतल्यास वरचा थर तेवढा घट्ट बसतो आणि खालचा पोकळ राहतो. त्यामुळे १० ते १५ सेंटीमीटरचे थर देऊन प्रत्येक थर वेगळा दाबावा लागतो.

पाणी कडेला वाहून जावे म्हणून ट्रॅकला रुंदीच्या दिशेने दिलेला आडवा उतार मोजणे कोणालाही जमण्यासारखे आहे. दोन मीटर लांबीची सरळ फळी ट्रॅकवर आडवी ठेवावी, तिच्यावर पाणसळ (सपाटी दाखवणारी, बुडबुडा असलेली पट्टी) ठेवावी, फळीची सखल बाजू बुडबुडा मध्यावर येईपर्यंत उचलावी आणि उचललेल्या टोकाखालचे अंतर टेपने मोजावे. हे अंतर ४ सेंटीमीटर आले तर उतार २ टक्के झाला. काँक्रीट किंवा डांबराच्या पायवाटेला साधारण एवढा उतार पुरतो, मात्र मुरमाच्या किंवा दगडी चुरीच्या ट्रॅकला याहून थोडा अधिक लागतो. अंतर शून्याच्या जवळ असेल किंवा उतार बांधाच्या दिशेने असेल, तर नुसती भर घालून काही साधणार नाही, हे अभियंत्याला वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

तक्रार एका जागेपुरती आणि तपासता येईल अशी असावी. ‘ट्रॅकची दुरवस्था झाली आहे’ या वाक्यावर कोणालाच काम करता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘दिव्याच्या सातव्या आणि आठव्या खांबांच्या मध्ये, आतल्या कडेला, सुमारे ५ मीटर लांबीत पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले असते. कडेची माती खरवडून उतार बाहेरच्या बाजूला करून मिळावा.’ सोबत एकाच ठिकाणी उभे राहून वेगवेगळ्या दिवशी काढलेली दोन छायाचित्रे जोडावीत. उघडे पडलेले झाकण, लोंबणारी वीजवाहिनी किंवा तुटायला आलेली फांदी दिसल्यास मात्र लेखी तक्रारीची वाट न पाहता लगेच दूरध्वनी करावा आणि हा विषय इतर मागण्यांत मिसळू नये.

ट्रॅकवर झाडलोट करणाऱ्या कर्मचाऱ्याशी वाद घालणे मला अन्यायाचे वाटते. उतार बदलण्याचा निर्णय त्याच्या हातात नसतो. पुष्कळ ठिकाणी झाडे, बांधकाम आणि दिवे वेगवेगळ्या विभागांकडे असतात आणि प्रत्यक्ष काम ठेकेदाराकडे असते. म्हणून प्रथम कार्यालयात लेखी विचारावे की देखभालीच्या करारात कोणती कामे येतात, ती किती दिवसांनी करायची आहेत आणि दोष दायित्व कालावधी कधी संपतो. या कालावधीत सदोष काम ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असते. तो संपत आला असेल तर महिनाभराचा उशीरही महाग पडतो, आणि ही एक तारीख हाती आल्यावर निधी नाही हे उत्तर पुष्कळदा मागे पडते.

यानंतर संयुक्त पाहणीची विनंती करावी. गर्दी घेऊन जाऊ नये. एकदोघेच जावे आणि त्यांत एखादी ज्येष्ठ किंवा चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती असावी, कारण धावणाऱ्याला न जाणवणारी बोटभर उंचीची कड तिला अडवते. जागेवर मतभेद नेमका कशाचा आहे हे आधी ठरवावे. वस्तुस्थितीबद्दल असेल तर तेथेच मोजावे. कारणाबद्दल असेल तर दहा मीटरच्या तुकड्यावर एकाने सुचवलेली आणि शेजारच्या दहा मीटरवर दुसऱ्याने सुचवलेली दुरुस्ती करून पाहावी. प्रश्न खरोखर पैशांच्या प्राधान्याचा असेल, तर कनिष्ठ अधिकाऱ्याला धारेवर धरून उपयोग नाही. तो अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी लोकप्रतिनिधींपुढे मांडावा. पाहणीच्या दिवशीच काय ठरले, काय ठरले नाही आणि कोणत्या तारखेपर्यंत काय होईल हे कार्यालयाला लिहून पाठवावे.

काही वेळा कर्मचाऱ्यांचा नकार योग्य असतो आणि तो मान्य करण्याची तयारी हवी. मुळांनी ट्रॅक उचलला की ती कापण्याची मागणी होते. परंतु झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या साठेक सेंटीमीटरमध्येच पसरलेली असतात, आणि खोडाजवळची जाड मुळे तोडल्यास झाड कोसळण्याचा धोका वाढतो. अशा जागी ट्रॅक थोडा वळवावा किंवा मुळांवर पाणी झिरपू देणारी भर घालून दोन्ही बाजूंना हलका उतार द्यावा, असा पर्याय मागावा.

कर्मचाऱ्यांनाही एक विनंती आहे. काम होणार नसेल तर कारणासह तसे लिहावे. ‘कार्यवाही केली’ असा शेरा मारून काम न करता तक्रार बंद केली, तर पुढच्या खऱ्या उत्तरावरही नागरिक विश्वास ठेवत नाही. तसे घडल्यास नागरिकाने नवी तक्रार न करता जुन्याच क्रमांकाचा हवाला द्यावा, त्याच जागेचे ताजे छायाचित्र जोडावे आणि एक पायरी वरच्या अधिकाऱ्याकडे जावे. काम झाल्यास पहिल्या चांगल्या पावसानंतर तीच जागा पुन्हा पाहावी आणि पाणी निघून गेले असो वा नसो, ते कार्यालयाला कळवावे.