फिटची गोळी आणि पोटातलं बाळ: या चुका टाळा

इंदूरला रामबागेत माझं औषधांचं दुकान आहे. बावीस वर्षं काउंटरमागे उभा आहे आणि त्याच त्या चुका बघून आता वैताग आलाय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिवस गेल्याचं कळलं की गोळी परस्पर बंद करणं.

एक सून दर महिन्याला व्हॅल्प्रोएट या फिटच्या गोळीच्या पट्ट्या न्यायची, वर्तमानपत्रात गुंडाळून. सासरी आजार सांगितलेलाच नव्हता. मग दोन महिने फिरकलीच नाही. एके दिवशी नवरा धावत आला, हातात कपाटात सापडलेली रिकामी पट्टी. "काका, ही कसली गोळी?" ओट्याशी चहा गाळताना तिला फिट आली होती, उकळता चहा मनगटावर सांडला होता.

पाळी चुकून तीन आठवडे झाल्यावर तिने तपासणी केली आणि त्याच रात्री गोळी सोडली. पण बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होईस्तोवर. गोळीमुळे ती नळी नीट बंद न होण्याचा धोका पत्करून झाला होता, वर फिटचा नवा ओढवून घेतला. एकदम गोळी तोडली की फिट थांबता थांबत नाही अशी वेळही येते. त्यात आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं.

तिचा मुलगा आता सहावीत आहे. साडेतीन वर्षांचा होईपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नव्हता. गोळीमुळे की कशामुळे, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण त्या जुन्या चिठ्ठीवर चार वर्षं गोळ्या मीच दिल्या होत्या. तेव्हापासून लग्नाच्या वयाची मुलगी ही गोळी मागायला आली की मी आधी विचारतो, मेंदूच्या डॉक्टरांना शेवटचं कधी दाखवलं? चिठ्ठीवर पेन्सिलीने तारीख घालतो. काहींना राग येतो, येऊ दे.

दुसरी चूक: "सोनोग्राफी नॉर्मल आली, आता काळजी नाही." पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत मणका, हृदय, ओठ दिसतात. पोर पुढे कधी बोलेल, शाळेत कसं शिकेल, हे त्यात दिसत नाही. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आयांच्या 100 बाळांपैकी 10च्या आसपास बाळांत मोठं व्यंग निघतं, एरवी 2-3 बाळांत. विकासाच्या अडचणी मात्र 30 ते 40 मुलांत दिसतात. 2013 साली अमेरिका-ब्रिटनमधल्या पाहणीत अशा मुलांचा सहाव्या वर्षी बुद्ध्यांक सरासरी 97 भरला, तर लॅमोट्रिजिन ही फिटची दुसरी गोळी घेणाऱ्या आयांच्या मुलांचा 108. डोस जितका जास्त, तितका धोका जास्त. म्हणून लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटाम ही फिटचीच आणखी एक गोळी चालेल का, हे मूल ठरवण्याआधी विचारायचं. बदलायला महिने लागतात. घाईच्या लोकांना हे पटत नाही, त्यांना आठवड्यात गोळी बदलून हवी असते.

लॅमोट्रिजिनवाल्यांची चूक वेगळीच. गरोदरपणात या औषधाची रक्तातली पातळी घसरते, म्हणून डॉक्टर डोस वाढवतात आणि बाई घाबरून जुनाच घेत राहते. बाळंतपणानंतर उलटं होतं, वाढवलेला डोस तसाच चालू राहतो आणि चक्कर येते, एकाचे दोन दिसतात.

टोपिरामेट हेही फिटचं औषध, मायग्रेनसाठी घेता म्हणून ते निराळं ठरत नाही. बाळाला त्याचाही धोका आहे.

फॉलिक ॲसिड आधीपासून हवं, किती ते डॉक्टरांना विचारून.

फिट आल्यावर चप्पल हुंगवू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटं उलटली तर गाडी काढा. गरोदर असेल तर थांबल्यावरही दवाखान्यात न्या.

आणि गोळ्यांच्या भीतीने अंगावरचं दूध परस्पर तोडू नका, बहुतेक गोळ्यांवर ते चालतं. जागरणाने मात्र फिट येऊ शकते. काढून ठेवलेलं रात्रीचं एक दूध नवऱ्याने पाजावं. बाळाचे कपडे खाली सतरंजीवर बदलावेत आणि अंघोळीच्या वेळी घरातलं कुणीतरी जवळ असू द्यावं.