पोटातून पुन्हा रक्त गेलं तर: फाईल आधीच लावून ठेवा

रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना पोटातून एकदा रक्त गेलं असेल, तर उपचारांची फाईल तयार ठेवा. तिच्या पहिल्याच पानावर ती गोळी कशासाठी चालू आहे ते लिहा. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके), पायातली किंवा फुफ्फुसातली गुठळी, की हृदयात बसवलेली धातूची झडप? पुढचे सगळे निर्णय याच ओळीवर अडतात, आणि जाडजूड फायलींतही नेमकी हीच सापडत नाही. धातूची झडप असेल तर वॉरफॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळीच्या जागी नव्या पिढीची गोळी चालत नाही. फिब्रिलेशन असेल तर गोळी बदलता येते, काहींना हृदयाच्या डाव्या कर्णिकेचा (वरच्या कप्प्याचा) गुठळी धरणारा कोपरा बंद करणारं उपकरणही बसवता येतं.

त्याखाली गोळीचं नाव, मिलिग्रॅम आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला ते. ‘सकाळी घेतली असेल’ या उत्तराचा उपयोग नाही. गोळीचा परिणाम उलटवणारा उतारा द्यायचा की थोडं थांबायचं, हे त्या वेळेवरून ठरतं. वॉरफॅरिन असेल तर मागचे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) तारखांसकट लावा. इतरांनी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा, ताजा रिपोर्ट ठेवावा, कारण नव्या गोळ्यांपैकी डॅबिगॅट्रान मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड मंदावलं की ते रक्तात साचतं.

जुने एंडोस्कोपी-कोलोनोस्कोपीचे रिपोर्ट नॉर्मल असले तरी टाकू नका. दोन्हीकडे काही सापडलं नसेल तर लहान आतड्यासाठी कॅप्सूल तपासणीचा (गिळायच्या कॅमेऱ्याचा) विचार होतो. हृदयातली महाधमनीची झडप अरुंद असल्याचं कुणी कधी सांगितलं असेल तर तेही नोंदवा; अशा काही पेशंटच्या आतड्यात रक्तवाहिन्यांचे नाजूक, पटकन वाहणारे पुंजके आढळतात.

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला. गुडघ्यासाठी अधूनमधून घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी कुणी औषधात धरतच नाही, आणि बऱ्याचदा रक्त जाण्यामागचा घोटाळा तिथेच असतो.

लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते. चिकट, डांबरासारखी आणि उग्र वासाची असेल तर ते रक्त समजा. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. संकोच वाटेल, पण डॉक्टरांना वाटत नाही. अशी शौच दिसली तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. रक्ताची उलटी, भोवळ किंवा दम असेल तर फाईलही शोधत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

डिस्चार्ज घेताना बंद केलेली गोळी कोणत्या तारखेला आणि कुणाच्या सांगण्यावरून पुन्हा सुरू करायची, हे लिहून घ्या. पोटाचे डॉक्टर म्हणतात हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, ते म्हणतात पोटवाल्यांना. आणि तेवढ्या दिवसांत गुठळी होण्याचा धोका वाढत राहतो.