घरातील ज्येष्ठांचा कंपवात कसा ओळखावा आणि कसा सांभाळावा

पंचवटीतील जुन्या वाड्यात आजोबांचे पाऊल उंबऱ्याशी अडू लागले, की घरचे ‘आता वय झाले’ म्हणून विषय सोडून देतात. वयाने चाल मंदावते हे खरे. परंतु वयाचा मंदपणा दोन्ही अंगांना साधारण सारखाच येतो, तर कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा आजार, बहुधा एका बाजूने सुरू होतो. म्हणून आधी नीट पाहावे. चालताना एकच हात झुलायचा थांबला आहे का, स्वस्थ बसले असताना बोटे गोळी वळल्यासारखी हलतात का, बँकेतील सही बारीक होत चालली आहे का, हे आठवडाभर वहीत टिपावे. थरथर नाही म्हणून निश्चिंत राहू नये, काहींना ती नसतेच. वास न येणे, बद्धकोष्ठ आणि झोपेत हातपाय झाडणे तर कित्येक वर्षे आधीपासून असू शकते. १८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी अवघ्या सहा जणांवरून हा आजार मांडला, आणि त्यांतील काही तर त्यांना रस्त्यातच दिसले होते!

वही आणि चालू औषधांची चिठ्ठी घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे. उलटीवरील व मानसिक विकारांवरील काही औषधांनीही अशीच लक्षणे दिसतात, त्यामुळे चिठ्ठी विसरू नये.

या आजारात मेंदूतील डोपामिन, म्हणजे हालचालींचे संदेश पोहोचवणारे रसायन, तयार करणाऱ्या पेशी झिजतात आणि ते कमी पडते. लेव्होडोपाची गोळी ती उणीव भरून काढते, झीज मात्र थांबवत नाही. गोळीची वेळ हा माझ्या मते सांभाळाचा कणा आहे. प्रथिने तिच्या शोषणात आड येतात, म्हणून रविवारी मटकीची मिसळ खायची असेल, तर डॉक्टरांना विचारून गोळी अर्धा ते एक तास आधी द्यावी. ती अचानक बंद करू नये. खाजकुहिलीच्या बियांतही लेव्होडोपा असतो, म्हणूनच ते चूर्ण परस्पर सुरू करणे धोक्याचे आहे.

पाऊल अडले, तर हात धरून ओढू नये, तोल जातो. थांबावे, भार एका पायावर घ्यायला सांगावे, ‘एक, दोन’ मोजावे आणि जमिनीवरची रेघ ओलांडायला लावावी. त्यासाठी उंबऱ्याच्या अलीकडे रंगीत पट्ट्या चिकटवाव्यात. सपाट फरशीवर अडखळणारा माणूस गोदाघाटाच्या पायऱ्या कधीकधी सहज चढतो, कारण प्रत्येक पायरी डोळ्यांना खूण देते. अर्थात, ओल्या पायऱ्यांवर सोबत हवीच.

उठताना रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते, म्हणून पलंगाच्या काठावर थोडे बसून मगच उभे राहावे. डिसेंबरच्या कडाक्यात अंग अधिक आखडते, तेव्हा फिरणे ऊन आल्यावर ठेवावे, पण चुकवू नये. जेवण ताठ बसवून, लहान घासांनी द्यावे आणि पाणी पिताना वारंवार ठसका लागू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.