फिट चाचणीसाठी शौचाचा नमुना नीट कसा घ्यावा

मोठ्या आतड्यातल्या कर्करोगाच्या गाठीतून किंवा मोठ्या पॉलिपमधून (आतड्याच्या अस्तरावर वाढलेल्या मांसल कोंबातून) डोळ्यांना न दिसणारं रक्त झिरपतं. फिट (FIT, फिकल इम्युनोकेमिकल टेस्ट) चाचणी शौचात तेच शोधते. तिच्यातली प्रतिपिंडं माणसाच्याच रक्तातलं ग्लोबिन (हिमोग्लोबिनमधलं प्रथिन) पकडतात, त्यामुळे जुन्या ग्वायक चाचणीसारखं आधी मटण नि मुळा बंद करावा लागत नाही. पाळी चालू असेल किंवा मूळव्याधीतून रक्त जात असेल, तर मात्र ते थांबेपर्यंत नमुना घेऊ नका.

आधी लघवी उरकून घ्या. शौच पाण्यात पडता कामा नये. श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन, कोरडा करून खाली धरला तरी चालतो. बाटलीच्या टोपीला जोडलेल्या काडीच्या टोकाशी बारीक खाचा असतात. ती काडी शौचावर चार-पाच ठिकाणी ओढा, कारण रक्त सगळीकडे सारखं मिसळलेलं नसतं. खाचा भरल्या की पुरे. ओसी-सेन्सर नावाच्या फिट चाचणीच्या बाटलीत 2 मिलीलिटर द्रवाला जेमतेम 10 मिलिग्रॅम शौच लागतं नि यंत्र त्याच हिशेबानं मोजतं. जास्त कोंबलं की आकडा चुकतो. टोपी घट्ट लावा, हलवा, तारीख लिहा, पुन्हा उघडू नका. आतला द्रव सांडला तर नवी बाटली घ्या.

खरा घोळ उन्हाळ्यात होतो. उष्णतेनं हिमोग्लोबिन मोडतं आणि रक्त असूनही निकाल निगेटिव्ह येतो. मे महिन्यात बाटली गाडीत विसरू नका. पिशवीत बांधून फ्रीजमध्ये ठेवा, शक्यतो त्याच दिवशी लॅबला द्या.

पॉझिटिव्ह आलं तर पुढची पायरी कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीनं मोठं आतडं आतून तपासणं. ‘मूळव्याधच असेल’ म्हणत परत फिट करू नका. दुसरा निगेटिव्ह पहिल्या पॉझिटिव्हला खोडत नाही. उलट निगेटिव्ह आलं, पण शौचातून रक्त जातंय, वजन घटतंय, तरीही डॉक्टरांकडे जाच.

2014 साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे 10,000 जणांच्या अमेरिकी अभ्यासात एकदा केलेल्या फिटनं शंभरातले 74 कर्करोग पकडले. शौचातला डीएनएही तपासणाऱ्या चाचणीनं 92. पण गंभीर काही नसलेल्या शंभरांत फिटनं 5 जणांना उगाच घाबरवलं, डीएनए चाचणीनं 13 जणांना. एका वेळी काही कर्करोग फिटमधून निसटतात, म्हणूनच ती एकदा करून भागत नाही: अमेरिकेत ती दरवर्षी करतात, इंग्लंडमध्ये दर 2 वर्षांनी.

2024 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली शील्ड ही रक्तचाचणी 83 टक्के कर्करोग ओळखते. काडी-बाटलीची कटकट नाही, हे खरं. मात्र कर्करोगाआधीच्या धोकादायक पॉलिपपैकी तिला 13 टक्केच सापडतात.